पेठेचा हिरमुजी रंग

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्यापासून तर मला बाजारात खाल्लेली भजीही लपवता येत नाहीत. मग आजच का? आज सकाळी एक चिठ्ठी वाचून हसू आवरेना, म्हणून. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आमच्या गावाला दगडी वेस आहे, वेशीच्या आत पेठ, पेठेत माझं भांड्यांचं दुकान. मधे फ्लेक्सनी असा उच्छाद मांडला होता की वेस दिसेचना, नुसते वाढदिवस दिसायचे. शेवटी ग्रामसभेत ठराव आला — पेठेत फ्लेक्स बंद. लाकडी पाटी, हातानं काढलेली अक्षरं, आणि रंग पूर्वापार असेल तोच. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! हात वर करणाऱ्यांत मी पहिला.

सरपंचबाईंनी विचारलं, "पूर्वापार रंग म्हंजी कंचा? मामा, पेठेत तुमीच जुनं. तुमीच सांगा."

सगळी सभा माझ्याकडे बघतेय. अशा वेळी माणसाला 'ठाऊक नाही' म्हणता येतं का? येतं. मला आलं नाही. डोळ्यांपुढे माझीच पाटी आली — तांबडी. आणि तसल्या तांबड्यासाठी म्हाताऱ्यांच्या तोंडचा एक भारदस्त शब्द जिभेवर आला. "हिरमुजी," मी म्हणालो. "आपल्या पेठेची रीतच आहे ती."

शब्दानं काम केलं. निम्म्यांना तो ठाऊक नव्हता म्हणून पटला, उरलेल्यांना ठाऊक होता म्हणून.

आता माझी पाटी तांबडी कशी, ते ऐका. तो प्रायमर होता! दुकानाला शटर बसवलं तेव्हा उरलेला लोखंडाचा तांबडा प्रायमर मी पाटीला फासला. वरून हिरवा द्यायचा होता — आळसात राहून गेला. वीस-पंचवीस वर्षं. ही आमची रीत.

इथवर गंमतच आहे. पण — दानियल.

दानियल साळवे माझा शाळासोबती, समोरच त्याचं सायकलचं दुकान. दुकानावर निळी पाटी. त्याच्या वडिलांनी स्वतः फळीत अक्षरं कोरून त्यांत पांढरा रंग भरला होता. सभा उठल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "आमच्या बाबांची पाटी तर निळी हाय की रं. ती जुनी न्हाई व्हय?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. मी काय म्हणालो? "निळा मागाहून आला रे."

"तू म्हनतोस म्हंजी आसंल," तो म्हणाला. वाद नाही, राग नाही.

दिवाळीपर्यंत सगळी पेठ हिरमुजी झाली. आणि काय दिसते! कलत्या उन्हात वेशीचा दगड आणि त्या पाट्या बघितल्या की मला अजून उगीच शीळ घालावीशी वाटते. नगरहून लोक फोटो काढायला येतात. रंगाच्या दुकानदारानं तर प्रायमरच्या डब्यांवर चिठ्ठी चिकटवली आहे — 'खास पेठ हिरमुजी'. आज सकाळी मी तीच वाचली. माझ्या थापेतून ही पेठ उभी राहिली, तरी मला ती आवडते. लाज वाटते, पण आवडते.

दानियलचा हात वडिलांच्या अक्षरांवर ब्रश फिरवायला धजेना. त्यानं नवी पाटी करून घेतली आणि जुनी फळी उपडी घालून दुकानापुढे दोन दगडांवर बाक केला. रोज सकाळी आम्ही दोघं त्यावर चहा पितो, एकमेकांच्या पडलेल्या दातांची टिंगल करतो. पाहुण्यांनी रंगाचं विचारलं की तो माझ्या पाठीत थाप घालून सांगतो, "ह्यो हुता म्हनून रीत टिकली बगा." मीही हसतो.

बसल्या बसल्या कधी बोटं फळीखाली जातात. 'साळवे'तल्या 'सा'चा काना लागतो — सरळ, खोल कोरलेला. माझे वडील सांगायचे, आपलं दुकान उघडलं त्या दिवशी समोर ती पाटी होतीच.

पेठेतली सगळ्यात जुनी पाटी ती. निळी. सभेत बोलायला उभा राहिलो, तेव्हाही मला हे ठाऊक होतं.