पिशवी काढायची की बांधायची?

बायकांचा दवाखाना चालवला की कपाटात औषधं कमी अन् डोक्यात किस्से जास्त साठतात. नव्वद साली मी कळमनुरीत दवाखाना टाकला, तेव्हापासूनचा माझा साठा एकाच दुखण्याचा. बाळंतपणं, डोक्यावर घागरी अन् भारे, आणि मग 'अंग बाहेर येतं' ही तक्रार. ऑपरेशनं दोन: उतरलेली गर्भाची पिशवी खालून काढून टाकायची, नाहीतर टाके घालून वर बांधायची. यातलं चांगलं कोणतं? इथंच सगळा घोळ!

*

एक बाई आली. म्हणाली, "शेजारणीला तकलीफ हाय." मी त्या शेजारणीसाठी चित्रं काढून दोन्ही ऑपरेशनं समजावली. तिनं नीट ऐकलं अन् विचारलं, "मंग मी उपाशीपोटी कवा येऊ?"

*

मलाच ठरवता येईना, म्हणून नांदेडला कॉन्फरन्सला गेले. सकाळचे सर म्हणाले, "काढा!" दुपारचे म्हणाले, "बांधा!" दोघांच्याही स्लाइड्स झकास. चहाला सकाळच्या सरांना गाठलं, तर म्हणाले, "ज्यात हात बसलाय ते करा!"

माझा हात दोन्हींत सारखाच बसलेला. येताना एसटीत डोकं भणभणून गेलं.

*

एका पेशंटच्या नवऱ्याला समजावलं, काढली तरी आतला भाग पुन्हा उतरू शकतो, बांधली तरी टाके सैल पडू शकतात. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी बाई, तुमालाबी ठाव न्हाई!"

"व्हय," मी म्हटलं. तेव्हा कुठं त्याचा माझ्यावर विश्वास बसला!

*

मग शक्कल लढवली. ऑपरेशन झालेल्या दोघींना नव्या पेशंटशेजारी बसवलं. काढलेली म्हणाली, "बांधून घे माय, मला पोकळ पोकळ लागून राहिलं." बांधलेली म्हणाली, "काढूनच टाक, मला आत ओढल्यावानी लागून राहिलं."

नवी पेशंट उठली अन् थेट गावाकडच्या जीपमध्ये जाऊन बसली!

*

वारंगा फाट्याकडची सुमन सासूबरोबर आली. चार पावलं चालली की अंग बाहेर यायचं, तरी विहिरीचं पाणी अन् चाऱ्याचे भारे तिच्याच डोक्यावर. बाळंतपणानंतरचा सव्वा महिन्याचा आरामही तिला कधी मिळाला नव्हता. मला तिची फार काळजी वाटली. ऑपरेशन कोणतंही करा, ही आठवड्यात घागर उचलणार अन् सगळं पुन्हा खाली येणार!

दोन्ही ऑपरेशनं सांगून मी विचारलं, "कोणतं करू?"

"कोणत्या आपरेशनात किती दिस घागर उचलायची न्हाई?"

"दोन्हींत तीन महिने."

सासूनं कपाळावर हात मारला. सुमननं तिच्याकडं एकदा बघितलं अन् खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

"बाई, वर्षभराचं कोणतं आपरेशन न्हाई का?"