अकरा मिनिटांचा फोन

कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी आम्ही फोनवर घेतो. आमच्यातल्या आत्या एकसष्ट वर्षांच्या. सख्ख्या कुणाच्याच नाहीत, पण त्यांना मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघतात, कोण आलं म्हणून! आधी बावीस वर्षं त्या कारखान्यात मशीन तपासायच्या, नुसत्या आवाजावरून.

नव्या साहेबांनी आल्या आल्या नियम काढला. एका फोनला चार मिनिटं, जास्त झाली की पडद्यावर नाव लाल. आत्यांचं नाव रोजच लाल व्हायचं. शुक्रवारी साहेबांनी मला, म्हणजे सुपरवायझरला, बोलावलं. "सोमवारपासून त्यांना घरी बसवायचं. हे ऐका." आणि आत्यांच्या अकरा मिनिटांच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

"मशीन सुरू करा आणि फोन त्याच्याजवळ धरा," आत्या गिऱ्हाईक बाईंना सांगत होत्या. मग तीन मिनिटं नुसती घरघर.

"झोपल्या बघा!" साहेब म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात आत्या बोलल्या, "बंद करा. घरात कुणाचं बटण तुटलंय का?"

"अगंबाई! ह्यांच्या कोटाचं!"

"ते खालच्या जाळीत अडकलंय. आधी प्लग काढा, मग मी सांगते तसं करा."

मी तडक मुख्य मेकॅनिकला हाक मारली. "आत्यांच्या गिऱ्हाइकांकडे किती वेळा जावं लागतं हो?"

"क्वचित. त्यांनी पाठवलं म्हणजे मोटर खरंच जळालेली."

"मग वाचलेल्या फेऱ्या पडद्यावर का दिसत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"जी फेरी झालीच नाही, ती दिसणार कशी साहेब?" मेकॅनिक म्हणाला.

साहेबांनी ती घरघर पुन्हा लावली, अगदी कान देऊन ऐकली. "मला तर काहीच कळत नाही," बिचाऱ्यांनी कबूल केलं आणि उठून थेट आत्यांच्या टेबलाशी गेले. मी मागोमाग, जीव मुठीत धरून.

"आत्या, सोमवारपासून..."

आत्यांच्या कानाला फोन होता, डोळे मिटलेले. त्यांनी एक बोट वर केलं. थांबा! साहेब चक्क थांबले. चार मिनिटं उलटली, पडद्यावर नाव लाल झालं, तरी उभेच.

फोन संपला. "काय म्हणत होतात?"

"सोमवारपासून तुम्हाला मिनिटांचं बंधन नाही."

"बरं," आत्या म्हणाल्या. मग पायाशी भरून ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी शाल काढली, डबा काढला, चष्म्याचं घर काढलं आणि एकेक वस्तू रिकाम्या खणात परत ठेवली.