तीन पोती म्हणजे एक माणूस

साक्षीदार क्रमांक चार. पुरुष. वय सत्तावन्न वर्षे सात महिने. हुद्दा : वरिष्ठ तंत्रसहायक, झुकाव विभाग, वाहन परीक्षण केंद्र. सेवा : एकतीस वर्षे, एका वैद्यकीय रजेचा अपवाद वगळता अखंड. बांधा मध्यम, वर्तणूक समाधानकारक. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर जुना व्रण. शारीरिक क्षमता : हुद्द्यास अनुरूप. सदर इसम विहित चाचणीच्या वेळी जातीने हजर असल्याने त्याची साक्ष ग्राह्य धरण्यास हरकत नसावी.

हे ज्याने लिहिलं त्याने सदर इसमाला सकाळी पायमोजे चढवताना पाहिलं नसावं. ते काम त्याची बायको करायची.

"पाय वर करा. वर म्हणजे वर."

"एवढाच होतो."

"लोकांच्या गाड्या वाकवता आणि स्वतःला वाकता येत नाही. कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?"

त्याने दुसरा पाय पुढे केला. साक्षीचा दिवस होता, आणि हा विनोद बारा वर्षांचा होता.

केंद्रात त्याला अंशमास्तर म्हणत. झुकाव विभाग म्हणजे एक लांबलचक शेड आणि तिच्या मधोमध ट्रक मावेल एवढा लोखंडी फलाट. त्यावर गाडी उभी करायची, पडलीच तर धरायला सैलशा साखळ्या लावायच्या आणि फलाट एका बाजूने इंच इंच उचलायचा. भिंतीवर मोठी तबकडी, तिच्यात काटा. वरच्या बाजूची चाकं ज्या अंशाला फलाट सोडतील तो अंश लिहून घ्यायचा. प्रवासी गाडीने अठ्ठावीस अंशांपर्यंत पाय रोवून उभं राहायचं, असा नियम. राहिली तर पास. मग ती रस्त्यावर जाते आणि लोक तिच्यात विश्वासाने डुलक्या काढतात.

गाडी भरलेली असताना तपासायची, तर आत माणसं हवीत. कलंडणाऱ्या गाडीत बसायला माणसं मिळत नाहीत, म्हणून वाळूची पोती. पंचवीस किलोचं एक. तीन पोती म्हणजे एक माणूस. चौदा आसनांच्या गाडीला बेचाळीस पोती. सुरुवातीच्या काळात अंशमास्तर दोन पोती आसनावर बसवायचा, तिसरं पाठीला टेकवायचा आणि तिघांना दोरीने आवळून टाकायचा. मदतीला दोन हमाल होते. ते पोत्यांना पाहुणे म्हणत. "या, खिडकीपाशी बसा," असं म्हणून पोतं आपटत. पुढे एक हमाल निवृत्त झाला, दुसरा दफ्तरखान्यात बदलून गेला, आणि जागा भरण्याचा प्रस्ताव विचाराधीन झाला. तो अजूनही विचारातच आहे.

बारा वर्षांपूर्वी एका दुपारी सदतिसावं पोतं उचलताना अंशमास्तरचा मणका सरकला. दोन महिने तो फळीवर पडून होता. परतल्यावर त्याने अर्ज केला की पोती उचलायला एखादी साधी कप्पी मिळावी. सात महिन्यांनी उत्तर आलं : 'पोत्यांची हाताळणी नैमित्तिक स्वरूपाची असल्याने यंत्रसामग्रीची आवश्यकता दिसून येत नाही.' त्याने तो कागद फायलीला लावला आणि त्या दिवशी पोती दारातून आत ढकलून आसनांखाली, जमिनीवर सरकवून दिली. कमरेच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एक दिवसापुरतंच, असं त्याने ठरवलं होतं.

फॉर्मवर रकाना होता : 'भार ठेवला : होय / नाही.' कुठे ठेवला, हे फॉर्म विचारत नव्हता. त्याने 'होय'वर खूण केली. ती खोटी नव्हती.

उभ्या माणसाने होडी उलटते आणि तळाशी बसलेल्याने उलटत नाही, हे कळायला झुकाव विभागात नोकरी लागत नाही. त्यालाही कळत होतं. फार तर अंश-दोन अंशांचा फरक पडेल, असं त्याने मनाशी धरलं. हा अंदाज त्याने कधी मोजून पाहिला नाही. मोजायचं यंत्र त्याच्याच ताब्यात होतं.

त्यानंतरच्या सहाव्या वर्षी एका कंपनीची उंच, निमुळती, चौदा आसनांची व्हॅन आली. तीस अंशांना पास झाली. वर्षभराने ती व्हॅन इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांना पहाटे कामावर नेत असताना वळणावर सायकलवाला आडवा आला. ड्रायव्हरने चाक फिरवलं आणि व्हॅन तीनदा उलटली. चार बायका जखमी झाल्या, ड्रायव्हर गेला. कंपनीचं म्हणणं सरळ होतं : गाडी केंद्रातून पास झालेली आहे, म्हणजे दोष गाडीचा नाही, ड्रायव्हरच्या वेगाचा आहे. पंचनाम्यातही 'बेदरकारपणे' असा शब्द होता. ड्रायव्हरच्या बायकोने दावा लावला की गाडीची घडणच कलंडण्याची आहे. दावा पाच वर्षं चालला होता आणि आता अंशमास्तरवर आला होता.

साक्षीच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त कटकट नको होती.

"मास्तर, विचारतील तेवढंच सांगायचं. पास झाली? झाली. भार होता? होता. संपलं."

"साहेब, भार..."

"होता ना?"

"होता."

"मग झालं तर. पाच महिन्यांत निवृत्त होणार तुम्ही. कशाला डोक्याला ताप?"

कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक होतं आणि त्याच्या टोकाला एक बाई बसली होती. हातात कापडी पिशवी, पायांत घरी वापरायच्या चपला. अंशमास्तर भिंतीला टेकून उभा राहिला. बाईने जरा वेळ पाहिलं.

"बसा ना, दादा. जागा आहे."

"बसलं की उठता येत नाही."

"पाठ का? आमच्या सासऱ्यांची पण तशीच." तिने पिशवीतून घडी घातलेला टॉवेल काढला. "हा पाठीमागे घ्या. पाच वर्षं येतेय, या बाकाची मला चांगली ओळख आहे."

तो बसला. तिला तो कोण हे माहीत नव्हतं. तो तिला ओळखून होता, फायलीत तिचा फोटो होता.

"कुणाची केस?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं.

"नवऱ्याची. व्हॅन चालवायचा. कंपनी म्हणते वेगात होता." ती हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "वेगात! त्याला घरात गोगलगाय म्हणायचे हो. लग्नाला निघालो तर लग्न लागून गेलं की पोचायचो. धुलाईघरातल्या बायका भांडायच्या, भाऊ, जरा दाबा की, हजेरी जाते आमची. आणि आता पोरगी शाळेत ऐकून येते, तुझ्या बापाने बायका पाडल्या."

"निकाल काय लागेल वाटतं?"

"वकीलबाई म्हणतात ते काही मी सांगत नाही. मला एवढंच पाहिजे, तो शब्द कागदावरून जावा. बेदरकार. बाकी काय यायचं ते येवो, न येवो."

शिपायाने नाव पुकारलं. अंशमास्तरने टॉवेल घडी करून परत दिला. उठायला त्याला तिचाच हात धरावा लागला.

कंपनीचे वकील झुळझुळीत बोलत. चाचणी कोणत्या तारखेला, किती अंश, काटा कोण वाचतं.

"भार ठेवला होता?"

"ठेवला होता."

"चौदा प्रवाशांचा?"

"बेचाळीस पोती."

"फॉर्मप्रमाणे?"

"फॉर्मप्रमाणे."

वकील समाधानाने बसले. मग दावेदाराच्या वकीलबाई उठल्या. त्यांना सर्दी झाली होती आणि हातात दुसऱ्या तीन खटल्यांच्या फायली होत्या. त्यांनी तबकडी कधी तपासली होती ते विचारलं. त्याने सांगितलं. फलाटाला गंज होता का? नव्हता. त्यांनी रुमाल नाकाला लावला, कागद उलटून पाहिले.

"बस. एवढंच."

"उतरा," कारकून म्हणाला.

अंशमास्तर उतरला नाही. पाच वर्षं त्या बाईने ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो विचारायचाच राहून गेला होता आणि सगळे पुढच्या कागदाकडे वळले होते. त्याने पिंजऱ्याचा कठडा धरून पाय उचलायचा प्रयत्न केला. पाठीतून कळ गेली आणि तो तसाच वाकून राहिला.

"काय झालं?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं नाही का?"

इथे 'वय झालं, साहेब' म्हणता आलं असतं. सगळे म्हणतात. त्याच्या ओठांवरही तेच आलं होतं.

"पाठ आहे, साहेब. पोती उचलून गेली."

"अच्छा. सावकाश उतरा."

"बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी पोती आसनावर ठेवत नाही." त्याने एक श्वास घेतला. "खाली जमिनीवर ठेवतो. या गाडीची पण खालीच ठेवली होती."

कंपनीचे वकील उठले. "हा प्रश्न साक्षीदाराला कुणी विचारलेला नाही!"

"मी विचारला," न्यायाधीश म्हणाले. "पाठीबद्दल." मग ते अंशमास्तरकडे वळले. "खाली ठेवल्याने काय फरक पडतो?"

"गाडी उशिरा कलंडते, साहेब."

वकीलबाईंच्या हातून एक फाईल निसटली. ती त्यांनी उचलली नाही.

"किती उशिरा?"

"ते मी कधी मोजलं नाही."

संध्याकाळी बायकोने गरम पाण्याची पिशवी पाठीखाली सारली.

"नोकरी जाईल का?"

"नोटीस येईल. कारणे दाखवा."

"दाखवा की. एक्सरे आहेत आपल्याकडे." मग ती खुर्ची ओढून बसली. "बारा वर्षांत अशा किती गाड्या पास केल्यात हो?"

"मोजल्या नाहीत."

"मोजा."

त्याने डोळे मिटले. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्याने जुनी रजिस्टरं काढली आणि ज्या गाड्यांना पोती खाली ठेवली होती त्या सगळ्यांची यादी केली. एकशे नऊ भरल्या. यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती वाचली आणि तिच्यावर चहाची बशी ठेवली. अंशमास्तरने बशी उचलून बाजूला ठेवली आणि पोच मागितली. एकतीस वर्षांत त्याने साहेबांच्या टेबलावरची वस्तू हलवण्याची ही पहिली वेळ. पोच मिळाली.

फेरचाचणीचा आदेश निघाला. त्याच बनावटीची व्हॅन आणली. पोती आसनांवर बसवायला शेजारच्या विभागातले चार जण दिले गेले, आणि कशी बांधायची हे दाखवायला अंशमास्तर दारात उभा राहिला. "दोन आसनावर, एक पाठीला. आवळा. अजून आवळा, माणूस आहे तो." दोन्ही बाजूंचे वकील भिंतीशी उभे होते. ती बाईही आली होती. तिला पिवळं हेल्मेट दिलं होतं, ते डोळ्यांवर येत होतं. फलाट उचलायला लागला. अंशमास्तर नेहमीच्या आवाजात काटा वाचत गेला आणि शेडमध्ये त्याखेरीज फक्त पंपाची घरघर होती.

अहवाल अकरा पानांचा झाला. त्यात नमूद आहे की चाचणी विहित पद्धतीनुसार, उभय पक्षांच्या उपस्थितीत व शांततामय वातावरणात पार पडली, आणि सदर वाहनाची स्थिरता अपेक्षित मर्यादेहून काहीशी भिन्न आढळून आली.

गाडी एकविसाव्या अंशाला पडली.