चुकलं असेल तर

वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला भिक्खू एकमेकांपुढे हात जोडून म्हणतात, माझी काही चूक दिसली असेल, ऐकली असेल, तर सांगा. पिपरी मेघे गावातल्या आमच्या विहारात बायकांनी हा रिवाज उचलला आणि सोयीने आखूड केला. पावसाळाभर ग्रंथवाचन झालं की शेवटच्या दिवशी एकेकीने पांढऱ्या साडीत उभं राहायचं, काही चुकलं असेल तर माफ करा म्हणायचं, बाकीच्यांनी साधू साधू म्हणायचं, मग खीर. चूक कोणती, हे कुणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी माझ्या शेजारणीचा नंबर आला. आमची भिंतीला भिंत. माझ्या मुलीला लहानपणी झटके यायचे, हे घराबाहेर फक्त तिला ठाऊक होतं, कारण पोरीला मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत ऑटोत तीच बसली होती. पुढे झटके थांबले, औषधंही सुटली. उन्हाळ्यात मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा पोहे तिनेच केले. पसंती झाली. झटक्यांचं आम्ही पुढच्या भेटीत स्वतःच सांगणार होतो, तेही तिला माहीत होतं. पण पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिने ते मुलाच्या आईच्या कानात घातलं. नकार आला, कारणही मुलाच्या आईनेच सांगितलं. महिनाभरात त्याच मुलाशी तिच्या भाचीचं जमलं. केसाने गळा कापला बाईने.

तर ती उभी राहिली. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

"माह्याकडून कोणाचं मन दुखलं असन त माफ करा."

साधू साधू झालं आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. आमचं बोलणं बंद आहे एवढं साऱ्यांना ठाऊक होतं, कशावरून ते नव्हतं. एका म्हातारीने मला कोपराने ढोसलं, सोडून दे म्हणाली. चूक बोलून दाखवावी तर पोरीचं गुपित विहारभर होणार, आणि गप्प बसावं तर माफ केल्यासारखं होणार. ती बाई हे ओळखूनच रडत होती.

खिरीच्या गंजाशी, त्या मोठ्या पातेल्याजवळ, बसलेली माझी मुलगी उठली. हातातला डाव तिने खाली ठेवला.

"मावशी, मले लहानपणी झटके येत होते. ते तुम्ही पाहुण्यायले सांगितलं, अन् तिथंच भाचीचं जमवलं. आता मागा माफी."

कुणी साधू म्हणालं नाही. शेजारीण खाली बघून म्हणाली, "चुकलं माह्यं." मुलीने माफ केलं म्हटलं आणि खिरीची पहिली वाटी तिलाच दिली.

पाहुण्यांना सांगणाऱ्या बाईला माझ्या मुलीने माफ केलं. तिला ते जमलं, तिचं मन मोठं. मला मात्र आठवते ती ऑटोत माझ्या पोरीला मांडीवर घेऊन बसलेली बाई, जिच्यावर मी विश्वास टाकला होता, आणि तिला माफ करणं मला अजून जमत नाही.