माझ्या नावाचा ग्लास

वाचता वाचता बाई एकदम पुस्तक मिटायच्या, बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांबा." गोष्ट ऐन रंगात आलेली असायची. आम्ही पोरं कळवळायचो, पण बाईंना दया नव्हती. "आता सांगा, हे सगळं चाललं होतं तेव्हा गावातली चांगली माणसं कुठं होती?" आम्ही एका सुरात ओरडायचो, "घरात होती, बाई!" मगच पुस्तक पुन्हा उघडायचं. यावरून आम्ही त्यांना थांबाबाई म्हणायचो. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर मस्तगड भागातल्या आपल्या घरी दर रविवारी सकाळी मुलांना पुस्तकं वाचून दाखवायच्या. बाकीची मुलं त्याच गल्लीतली. मी एकटी कुंडलिका नदीच्या पलीकडून, आमच्या बौद्ध वस्तीतून यायची. बाबा एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला. जयंतीला ते रस्त्याच्या कडेला चादर अंथरून पुस्तिका विकायला बसत. मी त्याच पुस्तिकांवर अक्षरं गिरवली, त्यांचीच पाठ्यपुस्तकं केली. पण जाड पुस्तक मी पहिल्यांदा हातात घेतलं ते बाईंच्या घरी, पाचवीत असताना.

ते पुस्तक म्हणजे परमुलखातली एक जुनी, भाषांतरित कादंबरी होती. त्यातल्या गावात माणूस कुठल्या घरात जन्मला यावरूनच तो खरा की खोटा हे लोक ठरवून टाकतात, आणि एक लहान मुलगी ते बघत बघत मोठी होते. बाईंनी ती आम्हाला तीनदा वाचून दाखवली. अन्यायाच्या प्रसंगाला त्यांचा आवाज कापायचा. एकदा तर चष्मा काढून त्या रडल्या होत्या. "त्या पोरीला काही कळत नाही, म्हणून तिला सगळं दिसतं," त्या म्हणाल्या. मला काही कळत नव्हतं. आणि मला काहीच दिसलं नाही.

वाचन संपलं की पाणी यायचं. ट्रेमध्ये तांब्या आणि चार-पाच ग्लास. गल्लीतली पोरं ज्याच्या हाताला जो लागेल तो उचलायची, त्यावरून भांडायची. मला भांडावं लागत नसे. माझा ग्लास बाई स्वतः आतून आणायच्या. स्टीलचा, जाड काठाचा. भांड्यांच्या दुकानात ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून देतात, तसं त्यावर घातलं होतं: कु. करुणा. लग्नातल्या भांड्यांवर आजोबांचं, मामांचं नाव असतं हे मी पाहिलं होतं. माझं नाव तोवर हजेरीपटाबाहेर कुठंच लिहिलेलं नव्हतं. पाणी पिऊन झालं की तो मीच मागच्या मोरीत विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. "आपली वस्तू आपण सांभाळावी," बाई म्हणायच्या. मला बाकीच्या पोरांची कीव यायची. बिचाऱ्यांना कुठलाही ग्लास!

तो पहिल्यांदा मिळाला त्या दिवशी मी नाचतच घरी गेले. "आई, बाईंनी माझ्या नावाचा ग्लास केलाय!" आई भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर परातीतच राहिला. मग म्हणाली, "बरं. पुढच्या रविवारी येळेवर जाय."

मी मोठी झाले, लिहू लागले. बाई माझं सगळं लिखाण लाल पेन्सिलीनं तपासायच्या. काना-मात्रा तर दुरुस्त करायच्याच, वर प्रत्येक मऊ वाक्याखाली रेघ ओढून विचारायच्या, "इथं का घाबरलीस?" मागच्या वर्षी मी जिल्ह्यातल्या खेड्यांतून हिंडून एक पुस्तिका लिहिली. कुठं कोणाला चहा कशात देतात, कोणाचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असतो, यावर. त्याचं हस्तलिखित बाईंनी त्यांच्या बैठकीत बसून वाचलं. कपांच्या पानाशी आल्यावर त्या थांबल्या आणि समासात लिहिलं, "छान. आणखी धार हवी." तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून माझ्या ग्लासातून पाणी पीत होते.

हे वाक्य मी पुन्हा वाचते आणि माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

गेल्या महिन्यात बाई मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या. "पुस्तकं तुझी. रविवार आता तू चालव," त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. सामान बांधायला म्हणून मी गेले. अंगणात भांड्यांचा ढीग पडला होता आणि भांडी घासायला येणाऱ्या गयाबाई एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी ढिगात हात घालून माझा ग्लास शोधू लागले.

"काय हुडकून राह्यली गं?"

"माझा ग्लास. नावाचा."

"तो ह्याच्यात कसा सापडंल? तो मागं, मोरीच्या कोनाड्यात. तो ह्या भांड्यात कधी मिसळलाच न्हाई."

"आणि बाकीच्या पोरांचे?"

गयाबाई हसल्या. "बाकीच्या लेकरायला कशाला येगळा?"

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की आधी मलाही हसू आलं. मग हसता हसता मी थांबले. खेड्यापाड्यातल्या वळचणी मी धुंडाळल्या होत्या. ओळख लपवून हॉटेलांत चहा प्यायले होते. आणि हा कोनाडा! पंधरा वर्षं मी स्वतःच्या हातानं त्यात ग्लास पालथा घालत होते.

ग्लास घेऊन मी आत गेले. बाई पुस्तकांच्या खोक्यावर बसल्या होत्या. ग्लास पाहिला, माझा चेहरा पाहिला. विचारायची गरज पडली नाही.

"सासूबाईंचं फार कडक होतं गं," त्या म्हणाल्या. "तुला येऊ द्यायचं तर एवढं करावं लागलं. वाटलं, निदान नाव घालू. तुला वाईट वाटायला नको."

"सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, बाई."

बाईंनी ग्लासावरच्या नावाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला सुचलंच नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. हाच धक्का मला अजून पचत नाही. द्वेष असता तर मला लढता आलं असतं. त्याची भाषा मला येते. पण ज्या बाई परमुलखातल्या अन्यायानं रडत होत्या, त्यांना चार पावलांवरचा कोनाडा दिसला नाही!

माझ्याच नकळत मी बोट वर केलं. "थांबा, बाई. हे चाललं होतं तेव्हा चांगली माणसं कुठं होती?"

बाईंनी मान खाली घातली. आम्ही पोरं ओरडायचो तेच उत्तर त्यांनी दिलं, पण कसंबसं ऐकू येईल इतक्या हळू. "घरात होती."

मी पुस्तकं न घेता निघाले. हातात फक्त ग्लास. घरी येऊन आईसमोर तो आदळला. तिला नवल वाटलं नाही.

"तू आल्ती ना नाचत, तवाच कळलं मला."

"मग पाठवत का राहिलीस?"

"तुला पुस्तकं पाह्यजे होती. आपल्याकडं पुस्तिका होत्या, तसली जाड पुस्तकं न्हाई. म्हणलं, पोरगी वाचून घेईल, मंग तिचं तिला कळंल." आईनं ग्लास उचलून पाहिला. "इतका उशीर लागंल असं न्हाई वाटलं." मग म्हणाली, "पुस्तकायनी काय केलं तुझं? जाय, घेऊन ये."

मी गेले. बाईंनी खोकी दारात काढून ठेवली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी ठेवू दिला. मग मी पहिलं खोकं उचललं.

आता रविवार आमच्या घरी भरतो. आईनं तो ग्लास घासून बाकीच्या भांड्यांत मिसळून टाकलाय. ज्याच्या हाताला लागेल तो त्यातून पितो. परवा वस्तीतल्या एका चिमुरडीच्या हाती तो आला. तिनं ठिपके चाचपले, नाव वाचलं आणि हट्टानं म्हणाली, "ताई, मला पण माझ्या नावाचा पाह्यजे."

मी हातातली तीच जाड कादंबरी मिटली, बोट वर केलं आणि त्या पोरांना सगळं सांगितलं. कोनाडा, मोरी, लाल पेन्सील, चष्मा काढून रडणाऱ्या बाई. काही न वगळता.

त्या चिमुरडीनं विचारलं, "मंग त्या बाई वाईट होत्या का?"

"नाही," मी म्हणाले. "चांगल्या होत्या. म्हणूनच सांगतेय."