तांदळात लिहिलेलं नाव

पेडण्याच्या कचेरीबाहेर माझं टेबल आहे. टेबल, टाइपरायटर आणि वर एक मोठी काळी छत्री. तीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितो. लोकांना वाटतं की अर्ज लिहायला अक्षर चांगलं लागतं. काही लागत नाही. समोरचा माणूस खरं काय मागतो आहे ते कळावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा त्या माणसालाच ठाऊक नसतं. नोव्हेंबर आला की पेन्शनवाले म्हातारे हयातीच्या दाखल्यासाठी येतात. धडधडीत समोर उभे असतात, तरी आपण जिवंत असल्याचं आपल्याला लेखी द्यावं लागतं म्हणून रागावतात. मी त्यांना म्हणतो, कागदाला डोळे नसतात हो बाबांनो, लिहा आणि मोकळे व्हा.

बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलासमोर केरीची शालिनी तळकर बसायची. मिरच्या आणि अळसांदे, म्हणजे आमची टपोरी चवळी, दोनच जिन्नस. पहिल्या बसने यायची आणि गोणपाट असं पसरायची की माझ्या गिऱ्हाइकांना वळसा घालून यावं लागे. त्यावरून आमचं पुष्कळ वाजलं. मिरची मोडून वास घेणाऱ्याला ती सरळ हाकलून द्यायची. बोलणं कमी, आणि जे बोलायची ते मिरचीच्याच जातीचं. मला ती आवडायची, हे सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात चूक माझी होती.

तिचा मुलगा गौरेश केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवर कामाला. बाप लवकर गेला, मायलेक दोघंच घरात. त्र्याण्णव साली त्यांच्याकडे मागची खोली भाड्याने घ्यायला हंगेरीची एक मुलगी आली, इलोना. महिनाभर राहते म्हणाली आणि दोन वर्षांत घरची सून झाली. केरीत बरीच कुजबुज झाली. शालिनीने बाजारात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माझ्या झिलाक आवडली, माका आवडली. तुमका मिरच्या होये तर बोला."

आता गोव्यातल्या लग्नाची गंमत अशी की भटजींनी कितीही अक्षता टाकल्या तरी ते अर्धंच लग्न. रजिस्ट्रारकडे जाऊन सही केली की झालं पुरं. इलोनाच्या वकिलातीकडून ती अविवाहित असल्याचा कागद यायलाच चार महिने गेले. या चार महिन्यांत ती माझ्या टेबलाशी सारखी यायची आणि प्रत्येक कागदाला 'कशाला?' विचारायची. हा शिक्का कशाला? वडिलांचं नाव कशाला, ते तर बुडापेस्टला आहेत? मला आधी राग यायचा. मग घरी गेल्यावर मीच विचार करत बसायचो की खरंच, कशाला?

सही झाली ती पासपोर्टावरच्या नावाने, इलोना म्हणून. मग घरी मांडवात लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले, गौरेशने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं: हर्षा. नाव शालिनीने निवडलेलं. बायकांनी ताट बघितलं, हसल्या, पेढे वाटले. त्यानंतर केरीत इलोना कुणी म्हणेना.

महिन्याभराने रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला सासू-सून माझ्याकडे आल्या. मी फॉर्म ओढला आणि लिहिलं, 'हर्षा गौरेश तळकर'. सव्वीस वर्षं प्रत्येक नव्या सुनेचं मी असंच लिहीत आलो. इलोना वाकून बघत होती. तोवर तिला आमची बोली बऱ्यापैकी यायला लागली होती.

"घरात हर्षा, ठीक," ती म्हणाली. "कागदात कशाला?"

"बाई, इथं असंच असतं," मी म्हणालो.

"मग आधीची बाई कुठे जाते?"

मी टाइपरायटरची पट्टी पुसायला घेतली. मग नाव तसंच ठेवून फॉर्म पुरा केला. शालिनी मात्र त्या दिवशी जाताना मिरच्यांची टोपली विसरून गेली. तिच्यासारखी बाई टोपली विसरते म्हणजे काय, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. रेशनकार्ड झालं. त्या कार्डावरून पंचायतीने रहिवासाचा दाखला दिला, तोही हर्षाच्या नावाने.

शहाण्णवच्या जानेवारीत गौरेश धापा टाकत आला. इलोनाचा व्हिसा अठरा फेब्रुवारीला संपत होता. मुदत वाढवायला दोघं पणजीच्या ऑफिसात गेली होती. तिथले साहेब उत्तरेकडून नुकतेच बदलून आलेले, माणूस सरळ. त्यांनी सगळे कागद नीट लावले आणि म्हणाले, "हर्षा तुमच्या घरी राहते याचे दोन पुरावे आहेत. इलोना राहते याचा एकही नाही." गौरेशने रिवाज सांगितला. साहेबांना पटेना. लग्नानंतर आडनाव बदलतं हे त्यांना ठाऊक होतं, पण पहिलं नाव कसं बदलेल? शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्हाला दोन बायका तर नाहीत ना?"

इलोनाला सातवा महिना होता. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलेलं. अठरा तारखेच्या आत शिक्का पडला नसता तर तिला जाताही येत नव्हतं आणि राहताही. साहेबांनी एक वाट दिली होती: घरातल्या वडील माणसाने शपथेवर लिहून द्यावं की दोन्ही नावांची बाई एकच, आणि असा रिवाज खरोखर आहे याचा काहीतरी पुरावा आणावा.

माझा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांचा अनुभव आणि अक्कल गहाण! शपथपत्र सोपं होतं, पण रिवाजाचा पुरावा कुठल्या ऑफिसात मिळतो? मी नियमांची पुस्तकं आठवत बसलो. समोर शालिनी अळसांदे पाखडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रिवाज आसा ह्येचो पुरावो होयो?" ती म्हणाली. "मी आसंय ना."

मला कळलं नाही. तिने सूप खाली ठेवलं. "माझा नाव गंगा. रेडीच्या शाळेत आसतला लिवलेला."

नऊ वर्षं ही बाई माझ्यासमोर बसत होती. तिचं माहेर महाराष्ट्रात, नदीपलीकडे रेडीला, एवढं मला माहीत होतं. आई-वडील गेलेले, भाऊ मुंबईला, घराला कुलूप. तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. तिचे किती अर्ज मी लिहिले होते, पण आधीचं नाव काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. फॉर्मात तो रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी मी टेबल बंद ठेवून तिच्याबरोबर गेलो. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाला कशाला पाठवायचं? फेरीबोटीत गौरेशची पाळी होती. तेरेखोलचा किल्ला जवळ यायला लागला तशी शालिनी बोलायला लागली. ती लहान असताना किल्ल्यावर फिरंग्यांचा पहारा असायचा. मुलं चिंचा पाडताना आई ओरडायची, पुढे जाव नको, थयसर परदेस. गोवा मुक्त होऊन दीड वर्ष झालं आणि सतरा वर्षांची गंगा त्याच परदेशात सून म्हणून आली. पाव तिने तेव्हा पहिल्यांदा खाल्ला. सासरी बटाट्याला काय म्हणतात ते तिला कळेना, तर सासू म्हणायची, हिका बोलूक शिकवा आधी.

"आणि नाव?" मी विचारलं.

"नाव सासूने काडल्यान. माका कोणी इचारूक नाय." ती पाण्याकडे बघत होती. "मी तरी खय इचारलंय तिका?"

रेडीच्या शाळेत हेडमास्तर तरुण होते. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं, जुन्या पानांवरून बोट फिरवत त्रेपन्न सालावर आले आणि नाव सापडल्यावर विचारलं, "गंगा तुमची कोण?"

शालिनी रजिस्टरावर वाकली. मी मधे बोलणार होतो, पण तिच्याकडे बघून थांबलो. तिने पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. नुसती त्या पानाकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "मीच ती."

शपथपत्र मी तीनदा टाइप केलं. एकही खाडाखोड चालणार नव्हती. 'मी, शालिनी, माहेरची गंगा, शपथेवर सांगते की...' पेडण्याला नोटरीसमोर सही झाली, आणि बारा फेब्रुवारीला आम्ही चौघं पणजीला साहेबांपुढे उभे राहिलो. साहेबांनी शाळेचा दाखला वाचला, शपथपत्र वाचलं, मतदार-ओळखपत्र बघितलं. मग मान वर करून विचारलं, "आपका नाम?"

"गंगा," शालिनी म्हणाली.

ओळखपत्रावर शालिनी, सहीखाली शालिनी, आणि ही बया नेमकी आज गंगा म्हणते! साहेबांची भुवई वर गेली. मी भाषांतराला पुढे सरकलो तर तिने मला हाताने बाजूला केलं.

"शालिनी पण मीच. आणि ही इलोना, हर्षा पण हीच." तिने सुनेचा हात धरून तिला पुढे ओढलं. "दोगी आसल्यो तर दोगी पोटुश्यो दिसल्यो आसत्यो. एकच आसा मगो? मोजून घेवा."

याचं मात्र भाषांतर करायची गरज पडली नाही. साहेब हसले, चांगले खळखळून हसले, आणि मग शिक्का उचलला. एक वर्षाची मुदत. इलोनाला तिथेच रडू फुटलं. मला तर एवढा आनंद झाला की मी साहेबांच्या शिपायाशी हात मिळवला.

पुढच्या आठवड्यात रेशनकार्डाची दुरुस्ती करायला सासू-सून आल्या. मी फॉर्म घेतला आणि या वेळी आधी विचारलं, "काय लिहू?"

इलोनाने सासूकडे बघितलं. "इलोना लिवा," शालिनी म्हणाली. "घरातसुद्धा आता इलोनाच. तांदूळ काय, शिजवन खाल्ले."

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कोणत्याही बाईचा अर्ज लिहिताना मी माहेरचं नाव विचारतो. गरज नसते, रकाना नसतो, तरी विचारतो. काही जणी लाजतात, काही जणी इकडेतिकडे बघून हळूच सांगतात, आणि एका आजीला तर चटकन आठवेना. पेडण्याच्या बाजारात मला म्हातारचळ लागला असं बोललं जातं. बोलू देत.

त्या दिवशी सुनेचं काम उरकलं तरी शालिनी जागची हलेना. इलोना मिरच्यांपाशी जाऊन बसली होती. शालिनी टेबलावर वाकली आणि एरवी बाजारभर ऐकू जाणारा आवाज खाली आणून म्हणाली, "कृष्णनाथबाब, ते पेन्शनवाले नेतत ना, हयातीचो दाखलो. तो गंगाचो गावतलो काय?"

कुठल्याही अर्जाला मी कारण विचारतो, सवयच आहे. "कशासाठी पाहिजे?"

"कशाक नाय," ती म्हणाली. "ती जिती आसा, इतक्याच."

असा दाखला कुठलंही ऑफिस देत नाही, हे मला सव्वीस वर्षांच्या अनुभवाने चांगलं ठाऊक होतं. मी कोरा कागद चढवला, वर तारीख घातली आणि लिहायला लागलो.