लाल दिवा आहे की हिरवा?

आमच्या कामात प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. काही महिन्यांनी कंपनी ते रेकॉर्डिंग पुसून टाकते, असं ऐकलंय. पण फोन ठेवल्यावर आम्ही तिघं ग्रुपवर एकमेकांना जे सांगतो ते कुणीच पुसत नाही, आणि त्याचा आता एवढा ढीग झालाय की कुठून सुरू करावं कळत नाही.

तिघं म्हणजे मी करुणा, राळेगाव तालुक्यातल्या एका लहान गावातली. दुसरी पांढरकवड्याची शबाना, तिच्या अब्बांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिसरा पुसदचा विशाल राठोड. एक कंपनी लोकांच्या घरी वायरनं इंटरनेट देते. ते बंद पडलं की लोक चिडून फोन लावतात, आणि तो फोन आमच्या कानात वाजतो. याला म्हणायचं वर्क फ्रॉम होम टेक्निकल सपोर्ट! आम्ही तिघं अजून एकदाही समोरासमोर भेटलेलो नाही.

याआधी मी राळेगावला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये होते, वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर. बोंडअळीची वर्षं लागली आणि कापसाच्या गाड्याच येईनाशा झाल्या. दिवाळीनंतर सुरू झालेली जिनिंग संक्रांतीलाच बंद. माय वेचणीला जायची, तिचंही काम तसंच आटलं. घरात आम्ही दोघीच. आता पुण्याला मामेबहिणीच्या खोलीवर राहून कुठंतरी लागायचं आणि मायला इथं एकटीला सोडायचं, एवढाच रस्ता उरला होता. मला तो अजिबात नको होता, म्हणून हा अर्ज भरला.

*

अर्जात विचारलं होतं, स्वतंत्र खोली आहे का? होती. दार बंद होतं का? व्हायचं, फक्त कडी नव्हती. आजूबाजूला आवाज येतो का? कोंबड्या शेजारच्यांच्या होत्या, आमच्या नव्हत्या. त्यामुळे हा प्रश्न मला नाही, अशी मी मनाची समजूत घातली आणि ‘नाही’वर टिक केली.

मुलाखत फोनवर झाली. पुण्याच्या कुणी मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, ग्राहक म्हणाला की इंटरनेट बंद आहे, तर सगळ्यात आधी काय विचाराल? मला इंटरनेटच्या वायरीतलं ओ की ठो माहीत नव्हतं. आमच्या गावात कोणतीही वस्तू बंद पडली की माणूस आधी जे विचारतो, तेच मी सांगितलं. म्हटलं, घरात लाईट आहे का ते विचारेन.

मग मॅडम म्हणाल्या, "सकाळपासून सगळे मला रीस्टार्ट करायला सांगतायत. लाईटचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

कंपनीच्या यादीत पहिला प्रश्न खरंच तोच निघाला. लोडशेडिंगचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा.

*

ट्रेनिंग सुरू झालं तेव्हा ग्रुपवर एक गोष्ट हळूच उघड झाली. ज्या राऊटरची दुरुस्ती आम्ही शिकत होतो, तो आमच्यापैकी कुणीच हातात घेतलेला नव्हता! आम्हाला कंपनीनं सिमकार्डवालं डोंगल दिलेलं. वायरचं इंटरनेट आमच्याकडे होतंच कुठं?

विशालनं कॉलेजच्या ऑफिसात एक राऊटर पाहिला होता. तो मुद्दाम गेला आणि फोटो काढून आणला, तोही समोरून. वायरी सगळ्या मागच्या बाजूला. महिनाभर आम्ही मागची बाजू नुसती चित्रात पाहून लोकांना सांगत होतो, पिवळी वायर डावीकडून दुसऱ्या भोकात लावा.

शेवटी शबानानं डोकं चालवलं. प्लॅस्टिकचा साबणाचा डबा घेतला, अब्बांच्या गॅरेजातल्या ड्रिलनं त्याला मागून भोकं पाडली आणि ट्रकच्या जुन्या रंगीत वायरी आणून त्यात खोचल्या. कॉल आला की डबा हातात घेऊन बोलायची. अब्बांनी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "इसमें चलता क्या है?" तो प्रश्न आम्हा तिघांनाही पुढं बरेच दिवस छळत होता.

एकदा इंदूरच्या एका गृहस्थांनी तिला संशयानं विचारलं, मॅडम, तुम्ही एवढं अचूक सांगताय, तुमच्यासमोर हेच मॉडेल आहे का?

"जी सर," शबाना म्हणाली, "हाथ में ही है."

*

गावात माझ्या कामाविषयी भारी कुतूहल. पोरगी खोलीत बसते, कानाला काहीतरी लावते आणि दिवसभर कुणाला तरी विचारते की लाल दिवा आहे की हिरवा. खिडकीशी कुणी ना कुणी उभं असायचंच. मायनं मग दाराबाहेर पोतं टाकून बसायला सुरुवात केली. तूर निवडायची, येणाऱ्याला बोटानं गप्प करायची. आत काय चाललंय ते तिलाही ऐकायचं होतंच, पण तसं ती कबूल करत नसे.

एक दिवस शेजारचे वामनकाका पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आले. म्हणाले, प्रेशर धरत नाही, पाहून दे. मी सांगितलं, काकाजी, मला नाही येत पंप दुरुस्त करता. त्यांना ते पटेना.

"भोपाळच्या माणसाचं इथून दुरुस्त करतं," ते म्हणाले, "अन् माहा पंप त तुह्या समोर ठेवला हाये!"

पंप दोन दिवस ओसरीत होता. तिसऱ्या दिवशी मायनं त्याचा वॉशर बदलला.

*

आमच्या कामात शांततेची फार भीती. फोनवर काही सेकंद कुणी बोललं नाही तर मार्क कापतात. पण राऊटर बंद करून चालू केला की दोन-तीन मिनिटं नुसती वाट पाहावी लागते. तेव्हा काय बोलायचं? ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, हवामानाविषयी बोला.

विशाल शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्यासाठी हवामान म्हणजे पीक. ठाण्याच्या एका बाईंचा राऊटर चालू होईपर्यंत त्यानं विचारलं, तुमच्याकडे यंदा काय पेरलंय? बाई नवव्या मजल्यावर राहत होत्या. पण त्यांना प्रश्न आवडला. म्हणाल्या, कुंडीत टोमॅटो लावलाय, पानं आकसतायत आणि खाली पांढरं काहीतरी दिसतंय.

झालं! विशालनं पानाची मागची बाजू बघायला लावली, किडे हलतात का विचारलं, निंबोळी अर्क कसा करायचा, किती पाण्यात घालायचा, ऊन उतरल्यावरच का फवारायचा, सगळं सांगितलं. राऊटर केव्हाच चालू झाला होता. दोघांच्याही ते लक्षात नव्हतं. कॉल साडेसतरा मिनिटांचा, नियम सहा मिनिटांचा.

वरून त्याला झाडण्यात आलं. आठ दिवसांनी त्या बाईंचा अभिप्राय आला, पाच तारे आणि खाली एक ओळ: "वायफाय अधूनमधून जातं. टोमॅटो वाचला."

*

आता माझं सांगते. नोकरी पक्की व्हायला तीन महिन्यांची परीक्षा होती. क्वालिटीच्या देशपांडे मॅडम पुण्याहून आमचे निवडक कॉल ऐकायच्या आणि मार्क द्यायच्या. सरासरी पंच्याऐंशीच्या खाली गेली की लॅपटॉप परत.

ग्राहकाला सर किंवा मॅडमच म्हणायचं, असा नियम. माझ्या तोंडून काकाजी, मावशी निघायचं. प्रत्येक काकाजीला दोन मार्क जायचे. एका म्हाताऱ्या बाईंना मी जेवण झालं का विचारलं, त्याचेही गेले.

त्यात एक दिवस आमच्याकडे पाहुणे होते. सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याला जयभीम करत होते. कामाची वेळ झाली, फोन वाजला, आणि कंपनीचं लांबलचक स्वागत म्हणायच्या जागी माझ्या तोंडून तेच निघालं. जीभ चावली. पण पलीकडचे भुसावळचे गृहस्थ इतक्या मायेनं म्हणाले, "जयभीम, बेटा." त्यांचं काम दोन मिनिटांत झालं. फोन ठेवताना त्यांनी माझं गाव विचारलं, मायची तब्येत विचारली.

देशपांडे मॅडमनी पाच मार्क कापले. म्हणाल्या, ग्राहक खूश आहे ते मला ऐकू आलं, पण हे स्क्रिप्टमध्ये नाही. मार्क गेल्याचं मला वाईट वाटलं. त्या शब्दाचं मात्र वाटलं नाही.

सरासरी ब्याऐंशीवर आली. एकच तपासणी उरली होती, तिचं वजन सगळ्यांत जास्त, आणि तिच्यात नव्वदच्या वर हवे होते. मायला सांगितलं, जमलं नाही तर पुढच्या महिन्यात मी पुण्याला. ती तूर निवडत राहिली, पण निवडलेली तूर पुन्हा पहिल्या सुपात टाकत होती.

*

शेवटची तपासणी चालू कॉलवर असते. मॅडम लाईनवर असतात, आपल्याला दिसत नाहीत, बोलत नाहीत. फक्त स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांच्या चॅटची चौकट उघडी असते. आणि एक नियम सगळ्यांत कडक. कॉलच्या मागं दुसऱ्या माणसाचा आवाज आला, की सरळ शून्य.

दुपारचे बारा वाजून गेलेले. कॉल अकोल्याचा. वयस्कर माणूस, तीन दिवसांत चौथ्यांदा फोन करत होता. एक वाजता नातीची ऑनलाइन परीक्षा, आणि घरात लाल दिवा. मी सगळं विचारत गेले. लाईट आहे का, राऊटर बंद करून चालू केला का, मागची वायर काढून लावली का. प्रत्येक वेळी सर म्हटलं, एकदाही काकाजी नाही. त्या ‘सर’ म्हणण्याकडेच माझं इतकं लक्ष होतं की दुसरं काही सुचेना. दिवा लालच. यादी संपली असं मला वाटलं. मी शेवटचं वाक्य सुरू केलं, की तीन दिवसांत आमचा माणूस येईल.

वेचणीत प्रत्येक बाईला एकेक तास म्हणजे कापसाची एकेक ओळ धरून चालायचं असतं. कुणाचं बोंड मागं सुटलं, की ज्या बाईला ते दिसेल तिनं तिथूनच हाक द्यायची. बाई कोण, शेत कुणाचं, हे बघायचं नसतं. मायनं तीस वर्षं हेच केलेलं.

दाराबाहेरून खणखणीत आवाज आला.

"अवं करुणा, भितीवरच्या डब्बीचं इचारलंच नाही तू!"

खरंच नव्हतं विचारलं. वायरीचं दुसरं टोक भिंतीवरच्या डबीत असतं, ती यादीतली सातवी पायरी. बाहेर मायलाही काय झालं ते कळलं असावं, कारण सूप खाली पडल्याचा आवाज आला. सगळं संपलं होतं. पुण्याची गाडी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

पलीकडून त्या गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या मांगून त्या बोलल्या, त्या तुमच्या मोठ्या मॅडम हायेत काय? मले त्यायलेच द्या."

ग्राहकानं वरिष्ठांना मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हाही कंपनीचाच नियम. सेकंद चालले होते. कोपऱ्यातल्या चौकटीत टिंबं हलायला लागली. देशपांडे मॅडम काहीतरी टाइप करत होत्या. मग एकच शब्द उमटला.

"द्या."

मी दार उघडलं. माय उंबऱ्याशी रडकुंडीला येऊन उभी होती. मी तिच्या पदरावरूनच हेडसेट चढवला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खोलीत कुणीच नसल्यासारखी समोरच्या भिंतीकडे बघून बोलायला लागली.

"हं, बोला भाऊ. पेपर होते पोरीचा, घाबरू नका. टेबलाच्या मांगं भितीवर पांढरी डब्बी हाये, दिसली? तिच्यातली वायर दाबा. कट्ट वाजते तवरोक दाबा."

मायनं मला हातानंच विचारलं, आता काय? मग हेडसेटमधून त्यांचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. हिरवा, हिरवा म्हणत होते. मागं एक मुलगीही ओरडत होती. त्यांनी मायला नाव विचारलं. म्हणाले, "पह्यल्याच दिवशी तुमाले फोन लागला असता त माहे तीन दिवस गेले नसते."

संध्याकाळी तपासणीचा कागद मेलवर आला. तो मायनंच बोट दाबून उघडला. एकूण त्र्याण्णव. सात मार्क कापले होते, सातवी पायरी विसरल्याबद्दल. त्याखाली दोन रकाने होते, आणि ते मी मायला तीनदा वाचून दाखवले.

"मागे दुसऱ्या व्यक्तीचा आवाज: नाही."

"ग्राहकाने वरिष्ठांना मागितल्यास: वरिष्ठांशी बोलणे करून दिले."